तिसरा डाऊन, दोन यार्ड

दोन यार्ड म्हणजे किती?
आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापासून फ्रिजपर्यंत.
रात्री दोनला, दिवा न लावता,
अंगठा न ठेचता मी जातो तेवढं.
आणि तुम्ही, प्रुइट सर,
वर काचेच्या खोलीत बसून, कानाला यंत्र,
हातात तो लॅमिनेट केलेला तक्ता
(कोपऱ्यावरच्या डायनरचा मेनूही एवढा लांब नाही),
तुम्ही चेंडू आडवा फेकायला सांगता.
आडवा!
पुढे जायचंय हो. पुढे.

मी कुणी जाणकार नाही.
सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवतो,
धान्याच्या कोठारापासून प्लॅट नदीच्या कच्च्या रस्त्यापर्यंत.
आपला क्वार्टरबॅक, टाईस, पहिलीपासून माझ्याच बसमधला.
शेवटच्या सीटवरून पहिल्या सीटवर
सफरचंद फेकायचा. चालत्या बसमध्ये. बर्फात.
एकदाही नेम चुकला नाही.
म्हणून विचारतो.

नोव्हेंबरात अ‍ॅल्युमिनियमचं बाक
माणसाला त्याची सगळी हाडं मोजून दाखवतं.
शेजारी व्हर्जिल, कानात रेडिओ.
रेडिओ चार सेकंद मागे,
त्यामुळे प्रत्येक दुःख त्याला दोनदा होतं.
टचडाऊन झाला की वाजवायचं म्हणून
ट्यूबा मांडीवर घेऊन बसलेली पोरगी
तिसऱ्या क्वार्टरात
ट्यूबालाच टेकून झोपली.

संघाचं नाव क्रेन्स.
खरे क्रौंच मार्चमध्ये नदीवर उतरतात,
आभाळ झाकून टाकतात,
आणि त्यांच्या हातात कुणी तक्ता देत नाही.

पहिला डाऊन: मध्यातून, एक यार्ड.
दुसरा: सात. शाब्बास.
तिसरा: आडवा, आणि वर तीन यार्ड मागे.
मग पंट. पहिले पाढे पंचावन्न.
पुढच्या वेळी तेच, फक्त उलट्या बाजूला,
बहुधा विविधता म्हणून.
मी उभा राहून जे ओरडलो
ते पुढच्या रांगेतल्या पास्टरबाईंनी
ऐकलं नाही असं दाखवलं.
मग त्याही उभ्या राहिल्या.

सोमवारी सकाळी सात दहा.
तिसऱ्या थांब्यावर मॅरेन प्रुइट चढली,
इयत्ता चौथी, एका हातात मोजा, दुसरा हात उघडा.
मागून कुणीतरी ओरडलं, “आडवा फेक!”
सगळी बस हसली.
मी आरशात पाहिलं. आरशाने मला पाहिलं.
शनिवारी माझा आवाज
त्या पोरापेक्षा मोठा होता.

ती माझ्या पाठीमागेच बसली.
पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाली, “तुम्ही काय केलं असतं?”
“सरळ,” मी म्हणालो. “उजव्या गार्डच्या मागून, सरळ.”
ती पुढे वाकली.
“कोल्बीचा गुडघा गेलाय. उजवीकडे कुणी नाहीये.
कुणाला सांगू नका.
बाबा रात्री कणसाचे दाणे मांडून बसतात टेबलावर,
अकरा इकडे, अकरा तिकडे.
सकाळी आई ते सूपमध्ये घालते.”

नाही सांगितलं.
व्हर्जिललासुद्धा नाही, आणि हे सोपं नव्हतं.
आठवडाभर मी गाडी चालवताना
प्रत्येक उजव्या वळणावर
त्या गुडघ्याचा विचार केला.

शनिवार. चौथा क्वार्टर. चारने मागे.
तिसरा डाऊन, दोन यार्ड.
सदुसष्ट नंबर वाकला तेव्हा
मलाच कळ आली.
चेंडू निघाला... आडवा.
पाच हजार माणसं एकदम उठली.
मी बसून राहिलो.
एक श्वास. दीड.
मनात कणसाचे बावीस दाणे मांडले,
उजवीकडचा एक उचलून बाजूला ठेवला,
आणि मग उठलो,
काचेच्या खोलीकडे तोंड करून,
होती नव्हती तेवढी छाती फोडून ओरडलो:

“मग डावीकडून जा की!”

व्हर्जिलने कानातून रेडिओ काढला.
“डावीकडूनच का?” म्हणाला.